पार्कर म्हणजे नाव बदललेला डनहिलच का? पाइपनिर्माते आणि त्यांचे स्वस्त ब्रँड

जुनी पेटी (धागाकर्ता)

सध्या माझ्या टेबलावर दोन पाइप शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन्ही बिलियर्ड आकाराचे, म्हणजे सरळ दांड्याचे आणि उभट बाऊलचे (बाऊल म्हणजे तंबाखू भरायची वाटी), आणि दोन्ही लंडनचे. एकावर डनहिल ब्रुयेरचा (ब्रुयेर म्हणजे तांबूस, गुळगुळीत फिनिश) शिक्का, वर्तुळातला ४ हा आकडा व त्यापुढे ए हे अक्षर आहे, 'इंग्लंड' या शब्दानंतर वर्ष सांगणारा छोटा आकडा आहे आणि मुखनळीवर डनहिलची खूण असलेला तो सुप्रसिद्ध पांढरा ठिपका आहे. दुसऱ्यावर पार्कर सुपर ब्रुयेर असा शिक्का असून मुखनळीवर चौकटीत पी हे अक्षर कोरलेले आहे. तंबाखू सोडून मला अकरा वर्षे झाली. आता मी पाइप केवळ गोळा करतो, त्यामुळे ओढायला कोणता चांगला हा माझा प्रश्न नाही.

पार्कर ज्यांच्याकडून आला त्या विक्रेत्याने, 'हा आतून डनहिलच आहे, फक्त ठिपका नाही,' असे ठामपणे सांगितले होते आणि किंमतही त्याच हिशेबाने लावली होती. घरी आणून दोन्ही पाइप खिडकीच्या उजेडात धरले तेव्हा रंग एकच, चकाकी एकच, उंचीही जवळपास एकच दिसली. मुखनळीचे टोक मात्र वेगळे निघाले. डनहिलच्या टोकाची कड पातळ आणि नेमकी कापलेली आहे, तर पार्करची जाडसर आणि किंचित गोलावलेली. दातांत धरणाऱ्याला हा फरक डोळे मिटूनही कळला असता.

महागडे पाइप करणाऱ्या कारखान्यांचे आपल्याच स्वस्त ब्रँडशी नेमके नाते काय असते? स्वस्त ब्रँड म्हणजे मोठ्या नावाचा डागी माल, की मुळातच वेगळे ठरवून केलेले उत्पादन? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुतारपक्षी

सुरुवात लाकडापासून केली नाही तर पुढचे काहीच उलगडणार नाही, म्हणून थोडे लांबून सांगतो.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीच्या पातळीला वाढणारी गाठ. ती खणून काढतात, तिचे ठोकळे कापतात, ठोकळे कित्येक तास उकळून त्यांतला चीक काढतात आणि मग महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षे सुकवतात. ही गाठ खडकाळ जमिनीत वाढताना माती, वाळू आणि बारीक खडे पोटात घेत वाढते, त्यामुळे तिच्या आत पोकळ्या राहतात. ठोकळा बाहेरून कितीही निर्दोष दिसला तरी आत काय दडले आहे हे लेथवर चढवल्याशिवाय कळत नाही. कारागीर बाऊल कातत असतो, आकार जवळजवळ पूर्ण झालेला असतो आणि अखेरच्या पातळ सालीबरोबर पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उघडा पडतो.

तोवर लाकडाचा, सुकवण्याच्या काळाचा आणि मजुरीचा खर्च होऊन गेलेला असतो, आणि तो बाऊल फेकून दिला तरी परत येत नाही. मग मालकापुढे काही मोजकेच रस्ते उरतात. तो बाऊल भट्टीत घालावा. किंवा सुतार दारे-खिडक्यांना भरतात तशी लांबी भरून, वर गडद रंग देऊन तो स्वस्तात विकावा. किंवा पृष्ठभागावर वाळूचा मारा करून खड्डाच नाहीसा करावा. किंवा तो दुसऱ्या कुणाला, त्याच्या नावाने विकायला द्यावा. तुम्ही ज्याला नाते म्हणता, ते या निर्णयापासून सुरू होते.

यात एक भेद ध्यानात ठेवावा. बाऊलच्या बाहेरचा खड्डा हे केवळ दिसण्यातले वैगुण्य आहे. तंबाखू जळते त्या आतल्या भिंतीत किंवा तिच्या अगदी जवळ पोकळी असेल, तर तिथून लाकूड जळून आरपार भोक पडू शकते. पहिला पाइप दुय्यम म्हणून विकणे प्रामाणिकपणाचे आहे, पण दुसरा कोणत्याही नावाने विकू नये.

शिक्केवाचक

सुतारपक्षी यांनी पाया घातला आहे, त्यावर मी इतिहास रचतो.

आल्फ्रेड डनहिल यांनी लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान १९०७ साली उघडले आणि १९१० पासून ते स्वतःचे पाइप करू लागले. त्यांच्या धंद्याचा सगळा डोलारा विश्वासावर उभा होता. पाइपला बारा महिन्यांची हमी होती आणि त्या काळात बाऊल जळाला तर तो बदलून मिळत असे. अशी हमी देणाऱ्याला शंकास्पद बाऊल आपल्या नावाखाली बाहेर पाठवणे परवडणारे नव्हते. तरीही सुरुवातीला ते असे पाइप आपल्याच नावाने विकत. शिक्क्यावर मोठी फुली मारत किंवा 'डॅमेज्ड प्राइस' असे लिहून उतरलेली किंमत थेट लाकडावरच ठोकत. असे पाइप आजही सापडतात, आणि गंमत अशी की त्या फुलीमुळेच संग्राहक त्यांना आता ज्यादा पैसे मोजतात.

१९२२ साली पार्कर पाइप कंपनी स्थापन झाली. डनहिलच्या कसोटीला न उतरलेले बाऊल पुरे करून विकणे हे तिचे काम होते. डनहिलमध्ये अशा बाऊलना 'फेलिंग्ज' म्हणत. दोन्ही पाइपांचे नाते इतके जवळचे होते की दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या पार्करवर डनहिलसारखेच वर्ष सांगणारे आकडे दिसतात.

'पार्कर म्हणजे डनहिलच' या समजुतीला जागा मिळते ती या सुरुवातीच्या काळामुळे. मात्र नव्या कंपनीचा धंदा वाढला की तिची भूक केवळ शेजाऱ्याच्या नाकारलेल्या मालावर भागत नाही. नाकारलेले बाऊल किती निघतील हे लाकूड ठरवते, तर दुकानदाराची मागणी ऋतूप्रमाणे आणि फॅशनप्रमाणे ठरते. या दोन गोष्टी जुळाव्यात म्हणून पार्करला स्वतःचे बाऊल कातून घेणे भाग पडले. म्हणून नंतरच्या काळातला पार्कर हा डनहिलच्या घरातला असला तरी डनहिलच्या लेथवर जन्मलेला असेलच असे नाही. जुनी पेटी, सुपर ब्रुयेरचा रंग डनहिलच्या ब्रुयेरसारखा असणे हा पुरावा नव्हे. रंग कुणालाही देता येतो.

हार्डकॅसलची कथा आणखी वेगळी आहे. तो १९०८ पासूनचा स्वतंत्र कारखाना होता, लंडनच्या वॉल्थमस्टो भागात, फॉरेस्ट रोडवर. डनहिलने १९३५ मध्ये त्याच्या शेजारीच कारखाना बांधायला घेतला, १९३६ मध्ये हार्डकॅसलचे ४९ टक्के भाग विकत घेतले आणि उरलेले १९४६ मध्ये. पुढे १९६७ साली पार्कर आणि हार्डकॅसल एकत्र करण्यात आले. ज्या नावाला स्वतःचा मालक आणि स्वतःचे गिऱ्हाईक होते ते अखेरीस घरातल्या सर्वांत खालच्या पायरीवर येऊन बसले. म्हणून १९२० च्या सुमाराचा हार्डकॅसल हातात आला आणि कुणी त्याला 'डनहिलचा दुय्यम' म्हणाले, तर शांतपणे हसावे.

काटकसर

मला या वंशावळींचे कौतुक आहे, पण एक सरळ प्रश्न विचारतो. लाकूड एकच, उकळणे-सुकवणे एकच, आणि खड्डा केवळ दिसण्यातला असेल तर धूर दोन्हींतून सारखाच येणार. मग ठिपक्यासाठी कित्येक पट पैसे मोजणे ही निव्वळ हौस नाही का? मी वर्षानुवर्षे कोमॉय या लंडनच्या कंपनीचा स्वस्त ब्रँड, गिल्डहॉल, वापरत आहे. मुखनळीच्या बाजूला धातूच्या तीन बारीक पट्ट्या असलेला तो पाइप मला कधीही दगा देत नाही.

सुतारपक्षी

काटकसर, तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. धूर लाकडाच्या सौंदर्यावर अवलंबून नसतो. मात्र महागड्या पाइपची किंमत केवळ लाकडाची नसते, ती शेवटच्या काही तासांच्या हातकामाचीही असते, आणि स्वस्त ब्रँडमध्ये कात्री पहिली लागते ती तिथेच.

मुखनळीचे उदाहरण घ्या. व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, पट्टीतून किंवा सळईतून हाताने कापलेल्या मुखनळीचे टोक कारागीर कानशीने पातळ करतो आणि आतले छिद्र टोकाशी पंख्यासारखे रुंद करतो, जेणेकरून हवा अडखळत नाही. साच्यात ओतलेली मुखनळी तयारच येते, ती खोबणीत बसली की काम संपते. दिसायला दोन्ही काळ्या कुळकुळीत, पण पहिलीतून पाइप साफ करण्याची काडी सरळ बाऊलपर्यंत जाते, तर दुसरीत ती बहुतेक वेळा सांध्यावर अडते. तुमच्या कोमॉयच्या घरातलाच पुरावा देतो. जुन्या उत्तम कोमॉयच्या मुखनळीवरचे सी हे अक्षर तीन तुकड्यांचे असे. आधी पांढरा गोल, त्यात काळा आणि त्या काळ्याचा एका बाजूचा भाग पुन्हा कोरून काढलेला. एका अक्षरासाठी तीनदा छिद्र पाडणे हा सगळा खटाटोप कंपनीने आपल्या मुख्य नावासाठीच राखून ठेवला होता.

गिल्डहॉल वाईट नाहीच. स्वस्त ब्रँडमधल्या सर्वांत सज्जन पाइपांत मी त्याची गणना करीन. परंतु 'सगळे एकच' असे म्हणता येणार नाही, एवढेच.

अटलांटिकपार

आतापर्यंतची चर्चा लंडनभोवतीच फिरत आहे. अमेरिकेतले उदाहरण घेतले तर हे नाते निराळ्याच उजेडात दिसते.

कॉफमन ब्रदर्स अँड बाँडी ही न्यूयॉर्कची, १८५१ पासूनची कंपनी. केवूडी हा त्यांचा मानाचा ब्रँड, मुखनळीवर त्रिदळी पानाचे चिन्ह असलेला. महामंदीच्या ऐन काळात, १९३२ साली, त्यांनी येलो-बोल हा ब्रँड आणला. केवूडीत न बसणारे उतरत्या प्रतीचे ब्रायर खपवणे हा त्यामागचा हेतू होता, पण त्यांनी तो पाइप 'केवूडीचा धाकटा भाऊ' म्हणून विकला नाही. बाऊलच्या आत मध मिसळलेला पिवळा लेप दिला, त्या पिवळ्या रंगावरूनच नाव ठेवले आणि पहिल्या झुरक्यापासून गोडवा मिळतो असा प्रचार केला. किंमत १ डॉलर. विकत घेणाऱ्याला आपण कुणाचा तरी डागी माल घेत आहोत असे वाटण्याचे कारणच उरले नाही.

मला ही विक्रीकला पार्करपेक्षा अधिक चतुर वाटते. लंडनने दुय्यम मालाला दुसरे आडनाव दिले, न्यूयॉर्कने त्याला स्वतःचे गुणवैशिष्ट्य दिले, मग ते लेपाचे का असेना. नव्या पाइपच्या कडवट पहिल्या काही भरण्या त्या लेपामुळे सुसह्य होत असाव्यात, हेही मान्य करायला हवे.

शिक्केवाचक

अटलांटिकपार यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याला जोडून एका नावाचा प्रवास सांगतो, कारण 'दुय्यम' हा शिक्का नावाला कायमचा चिकटत नाही हे त्यातून उत्तम दिसते.

बेन वेड हे नाव १८६० पासूनचे, इंग्लंडमधल्या लीड्सचे, स्वतःची प्रतिष्ठा असलेले. १९६० च्या दशकात ते हर्मन लेन या अमेरिकेतल्या व्यावसायिकाच्या हाती गेले. त्याच्याकडे चॅरटन, म्हणजे १८६३ पासूनचे लंडनचे मातब्बर घराणेही होते. १९६५ मध्ये लीड्सचा कारखाना बंद होऊन बेन वेडचे काम चॅरटनच्या छताखाली आले आणि तिथे ते नाव चॅरटनच्या उतरत्या मालावर बसू लागले. लांबी भरलेले, गडद रंगाचे बेन वेड बहुधा याच काळातले. पुढे १९७० च्या दशकात लेन यांनी तेच नाव डेन्मार्कच्या प्रेबेन होल्म यांच्या हातघडणीच्या पाइपांना अमेरिकेच्या बाजारासाठी दिले. पाकळ्यांसारखे उमललेले, वरची साल तशीच ठेवलेले ते मोठाले पाइप ओळखायला शिक्का वाचावाच लागत नाही.

एकच नाव आधी स्वयंभू, मग दुय्यम आणि मग परदेशातल्या नामांकित कारागिराच्या कामावर! संग्राहकाने 'बेन वेड कसा असतो' असे विचारणे म्हणजे 'देशपांडे कसे असतात' असे विचारण्यासारखे आहे. कोणते, कुठले आणि केव्हाचे, हे आधी सांगावे लागते.

सासिएनींचे घरही पाहा. जोएल सासिएनी हे डनहिलकडेच काम केलेले, १९१९ मध्ये त्यांनी वेगळे घर मांडले. मुखनळीवर चार फिकट निळे ठिपके हा त्यांचा मान, दोन ठिपके म्हणजे एक पायरी खाली आणि त्याखाली मेफेअर, ओल्ड इंग्लंड वगैरे नावे. इथे दुय्यमत्व लपवलेले नाही, मोजून दाखवलेले आहे. मला ही पद्धत सर्वांत सरळ वाटते.

ठिपके नकोत

वाळूच्या माऱ्याचा उल्लेख वर येऊन गेला, पण तो तसाच सोडून दिला हे बरे झाले नाही. डनहिलने शेल फिनिशचे पेटंट १९१७ साली घेतले. मऊ लाकूड वाळूच्या माऱ्याने झिजते, कठीण रेषा वर उठून राहतात, आणि बाऊलवर जणू वाळलेल्या मातीच्या भेगांसारखे उठाव दिसतात. पृष्ठभागावरचा बारीक खड्डा त्या झिजेत आपोआप गडप होतो. म्हणजे ज्या बाऊलला एरवी दुसरे नाव घ्यावे लागले असते त्याला आपल्याच नावाखाली, ठिपक्यासह, मानाने राहता आले. माझ्या मते दुय्यम ब्रँडला सर्वांत मोठा स्पर्धक उभा केला तो याच तंत्राने. सगळेच शेल हे बिघडलेले गुळगुळीत पाइप असतात असे मात्र म्हणू नये. सुरुवातीच्या शेलसाठी अल्जीरियाचे मऊ ब्रायर मुद्दाम निवडले जात असे, कारण त्यावर मारा खोल उमटतो.

लेथवरचा नवखा

मी सुट्टीच्या दिवशी पाइप करतो, विकण्याइतके हात अजून बसलेले नाहीत, म्हणून मोठ्या कारखान्यांवर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु एकट्या कारागिराचा हिशेब वेगळा का असतो, ते सांगू शकतो.

गेल्या महिन्यात एका ठोकळ्यावर मी दोन दिवस घालवले. सरळ उभ्या रेषा अशा जुळल्या होत्या की मी मनातल्या मनात तो पाइप कुणाला दाखवायचा तेही ठरवले होते. शेवटच्या, सर्वांत बारीक कागदाने घासताना दांड्याच्या खालच्या बाजूला एक काळा ठिपका दिसला. सुईने टोचून पाहिले तर सुई आत गेली, आणि जात राहिली. मी लांबी भरू शकलो असतो, त्या भागावर खरवडून खडबडीत नक्षी काढू शकलो असतो. शेवटी तो पाइप फळीवर तसाच ठेवला आहे.

कारखान्याकडे अशा पाइपसाठी दुसरे नाव, दुसरा विक्रेता आणि दुसरे गिऱ्हाईक असते. एकट्या माणसाचे नाव हेच त्याचे भांडवल, त्यामुळे त्याचे पर्याय दोनच उरतात. पाइप जाळावा, किंवा कमी किमतीत, दोष स्पष्ट सांगून, आपल्याच नावाने विकावा. डब्लिनच्या पीटरसनने तर कारखाना असूनही दुसऱ्या प्रकारच्या जवळ जाणारा मार्ग घेतला होता. कंपनीचे नाव न घालता 'आयरिश सेकंड' असा शिक्का मारलेले त्यांचे पाइप मिळत. नाव झाकायचे, पण दोष झाकायचा नाही. मला हे मनापासून आवडते.

काटकसर

सुतारपक्षी, आज गिल्डहॉलमध्ये काडी घालून पाहिली. सांध्यावर अडली. पाइप अजूनही आवडतो, पण मुद्दा मान्य आहे.

जुनी पेटी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. भिंग, काडी आणि छोटी टॉर्च घेऊन पार्करची झडती घेतली, तिचा वृत्तांत देतो.

लांबी कुठेही सापडली नाही. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने तळाचा थोडा रंग उतरवून पाहिला, कारण लांबीवर रंग नीट चढत नाही आणि तिथे गुलाबीसर डाग राहतो असे मी ऐकून होतो. खाली स्वच्छ लाकूड निघाले. रेषा सामान्य आहेत, पण डनहिलच्या रेषाही काही फार वेगळ्या नाहीत. म्हणजे दिसण्यातला दोष म्हणून हा पाइप बाजूला काढला असावा, ही कल्पना बाद झाली.

मग टॉर्च बाऊलमध्ये धरली. डनहिलमध्ये हवेचे छिद्र बरोबर तळाशी, मधोमध उघडते. पार्करमध्ये ते तळापासून सुमारे २ मिलिमीटर वर आणि थोडे डावीकडे उघडते. तळाशी दरवेळी थोडी ओलसर तंबाखू जळायची राहत असणार. क्षणभर मला वाटले की सापडले, याच चुकीसाठी डनहिलने हा नाकारला. पण शिक्केवाचक यांचे म्हणणे आठवले आणि लक्षात आले की नाकारला असे समजायलाही मुळात तो डनहिलच्या लेथवर असायला हवा होता. पार्करच्या कारखान्यात स्वतंत्रपणे कातलेल्या, थोड्या घाईने भोक पाडलेल्या पाइपमध्येही छिद्र असेच निघाले असते. महायुद्धापूर्वीचा वर्षाचा आकडाही त्यावर कुठे नाही.

माझ्या संग्रहातल्या प्रत्येक पाइपबरोबर मी एक छोटे कार्ड ठेवतो. या कार्डावर विक्रेत्याच्या भरवशावर 'डनहिल, दुय्यम' असे लिहिले होते. ते खोडून 'पार्कर, लंडन, महायुद्धानंतरचा, छिद्र किंचित डावीकडे' असे लिहिले आहे.

शिक्केवाचक

कार्डावर मुखनळीबद्दलही लिहा. पुढे कुणी ती बदलली तर कळणार नाही.